उलटं सारवण

शेलूबाजार, ता. १८ नोव्हेंबर १९३४

पंचफुला,

अंगणात सडा टाकून झाला होता. चुलीवर पाणी तापत होतं, बैलांपुढे कडबा पडला होता आणि मी ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. अकरा वर्षांची होते मी, माहेरी, जऊळक्याला. आई विहिरीवरून आली. तिने घागर उतरवली, पदराने तोंड पुसलं. मग घरातलं एकेक भांडं उचलून पालथं घातलं. तांब्या, परात, गंज, मिठाचं मडकंसुद्धा. मीठ सगळं जमिनीवर सांडलं. मी म्हटलं, "माय, हे काय करून राह्यली?" ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "यायच्यात कोनी तरी बसून आपल्याले पाहून राह्यलं." आणि भाकरी थापायला बसली.

बाबा त्या दिवशी हसले होते. तीन महिन्यांनी त्यांनीच तिला गोठ्यात साखळीने बांधलं. बाबा गेले, पण ती अजून तिथेच आहे. माझा भाऊ चंपत तिला भाकरी देतो. मी नऊ वर्षांत तिकडे गेलेली नाही.

ही सकाळ मी कोणालाच सांगितली नव्हती. तुझ्या दादाला एवढंच ठाऊक होतं की सासू वेडी आहे. चंपत तेव्हा पाळण्यात होता. म्हणजे ती सकाळ फक्त माझ्या डोक्यात होती, आणि आता या कागदावर आहे. जावईबुवा तुला वाचून दाखवतील तेव्हा तेही ऐकतील. ऐकोत. घरचेच आहेत.

आज का लिहिते ते सांगते. मागच्या आठवड्यात मोटेचा नाडा मी विहिरीवर खुंटीला लावला होता. तो माझ्या घरात कणगीमागे सापडला. जगदेव भाऊजी अंगणात चार बायांसमोर म्हणाले, "वैनी, तुमच्या मायचं बी असंच सुरू झालं होतं ना?" तेव्हापासून मी माझ्याच हातांकडे पाहत राहते.

तुझा दादा जाऊन दोन वर्षं झाली. त्याने लावलेल्या चाळीस संत्र्यांना यंदा पहिला बहार धरला आहे. वाटणीत हा मळा आणि विहीर त्याच्याकडे आली, म्हणून आता माझ्याकडे आहे. भाऊजी म्हणतात, बाईच्यानं हे होणार नाही, मले पाहू द्या. मी दुपारी झाडांखाली बसते. बसून बरं वाटतं असं नाही, पण बसते.

मी लग्न होऊन आले तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. तुझी वेणी मी घातली आहे. तूच सांग, मी बदलले का?

तुझी वैनी,
कस्तुरा

---

धनज, ता. २७ नोव्हेंबर १९३४

तीर्थस्वरूप वहिनी यांस,

पंचफुलाचा शिरसाष्टांग नमस्कार. आपले पत्र पावले. ह्यांनी दोनदा वाचून दाखविले. ऐकून डोळ्यांस पाणी आले.

आपण मनास लावून घेऊ नये. पण एक सांगते, दुःख आत दाबून ठेवले तर ते डोक्यात चढते. आपल्या आईस पुढे काय काय झाले, ते सर्व सविस्तर लिहावे. लिहिल्याने मन हलके होईल आणि आम्हांसही आपली काळजी घेता येईल. मी ते कोणास सांगणार नाही.

जगदेवदादा तोंडाने फटकळ असला तरी मनाने वाईट नाही. त्याचे ऐकावे.

आपली,
पंचफुला

---

शेलूबाजार, ता. १२ डिसेंबर १९३४

पंचफुला,

जावईबुवांचा हात शाळेत घटवलेला, म्हणून पत्रात तू मला 'आपण' म्हणतेस. वाचून हसू आलं. लहानपणी माझ्या पाठीवर बसून "चाल वं वैनी, लवकर चाल" म्हणायचीस. त्या दिवसांत मी गुळाच्या पुडीच्या कागदावरून अक्षरं जुळवायची आणि तू मध्येच कागद ओढायचीस. मी शिकले ती तशीच, तुझ्याशी भांडत.

हसण्याचं तेवढंच. बाकी ऐक.

परवा बाजारातून परत आले. दाराची कडी मी लावली होती तशीच होती. आत गेले तर सगळी भांडी पालथी. तांब्या, परात, गंज. आणि मिठाचं मडकं, मीठ जमिनीवर.

मी ओरडले नाही. पण माझी जाऊ दारात उभी होती, तिने पाहिलं. भाऊजी आले. म्हणाले, "वैनी, तुमी सकाळी हे करून गेल्या आन् तुमच्या ध्यानातच नाही." मी म्हटलं, मी केलं नाही. ते म्हणाले, "मंग कोनं केलं? कडी तं तुमीच लावली."

पंचफुला, खरंच, मग कोणी केलं? ती सकाळ माझ्या डोक्याशिवाय दुसरीकडे कुठेच नाही. डोक्यातली गोष्ट हातात उतरते म्हणतात, ती हीच का?

तू पुढचं विचारलंस. भांड्यांनंतर आई वस्तू पुरायला लागली. बाबांचं चांदीचं कडं तिने चुलीजवळ खड्डा करून पुरलं आणि वरून सारवून टाकलं. बाबा आठ दिवस शोधत होते. ते सापडलं त्या दिवशी साखळी आली. म्हणून तुझ्या दादाचं कडं मी गव्हाच्या कणगीत खाली ठेवलं आहे आणि रोज हात घालून पाहते. हाताला लागलं की बाहेर येऊन श्वास घेते.

कस्तुरा

---

धनज, ता. २० डिसेंबर १९३४

तीर्थस्वरूप वहिनी यांस,

पत्र वाचून दोन दिवस अन्न गोड लागले नाही. वहिनी, आपण शहाण्या आहात म्हणून स्पष्ट लिहिते. अशा दुखण्यावर आता सरकारी इस्पितळे आहेत. काही महिने राहून माणूस बरा होऊन येतो. आपल्या आईस तेव्हा कोणी नेले नाही म्हणून तिची ती गत झाली. आपली तशी होऊ नये.

मळ्याची चिंता करू नये. जगदेवदादा आहे. ह्यांनीही हातभार लावायचे कबूल केले आहे.

दादाचे कडे जपावे.

आपली,
पंचफुला

---

शेलूबाजार, ता. ९ जानेवारी १९३५

पंचफुला,

काल बाजार होता. मी दिवसभर भाजी विकत बसले होते. परतले तर दारात दहा माणसं. स्वयंपाकघराची जमीन नुकतीच सारवलेली, कुठे कुठे ओली. मी सारवलेली मला आठवत नाही. भाऊजी म्हणाले, "सकाळी तुमाले सारवताना तुमच्या जावेनं पाह्यलं." माझ्या जावेने मान खाली घातली आणि हो म्हटलं.

मग त्यांनी चुलीजवळ फावडं मारलं. दुसऱ्याच घावाला कडं निघालं. तुझ्या दादाचं.

मी ते हातात घेतलं. मातीने भरलं होतं. मी पदराने पुसलं. बाया मागे सरकल्या. तुला सांगते, दादा गेला तेव्हासुद्धा बाया माझ्यापासून अशा मागे सरकल्या नव्हत्या.

तू म्हणतेस ते खरं असेल. मी येते म्हणतील तिथे. फक्त साखळी नको.

कस्तुरा

---

धनज, ता. १६ जानेवारी १९३५

तीर्थस्वरूप वहिनी यांस,

आपण शहाणपणाचा निर्णय केलात. जगदेवदादाने अर्ज केला आहे. ३ फेब्रुवारीस अकोल्याहून सरकारी डॉक्टर शेलूस येतील. ते विचारतील ते आपण खरे खरे सांगावे, आईचेही सांगावे, म्हणजे काम लवकर उरकेल. मला येणे जमणार नाही. ह्यांचे म्हणणे, मला पाहून आपले मन दुबळे होईल.

आपली,
पंचफुला

---

शेलूबाजार, ता. २० जानेवारी १९३५

पंचफुला,

मन आता स्थिर आहे. सकाळी उठते, सडा टाकते, झाडांना पाणी देते. स्वयंपाकघरात मात्र जात नाही. चूल ओट्यावर मांडली आहे. तिथली जमीन डोळ्यांना सहन होत नाही. भाऊजी लोकांना सांगतात, पाहा, आता ती स्वतःच्या चुलीलाही भिते.

एक गोष्ट लिहायची राहिली होती. आईची सर्वांत शेवटची खूण. गोठ्यात बांधायच्या आदल्या आठवड्यात तिने परसातल्या झाडांना लाल चिंध्या बांधल्या. एकेका झाडाला, माणसाच्या उंचीवर. म्हणायची, रात्री झाडं पळून जातील. त्या दिवशी बाबांची आशा संपली.

मी अजून तिथवर गेले नाही. पण ज्या दिवशी माझ्या संत्र्यांना लाल चिंध्या दिसतील, त्या दिवशी मला कोणी काही विचारू नका. गाडीत घाला. मी हूं की चूं करणार नाही.

कस्तुरा

---

धनज, ता. २६ जानेवारी १९३५

तीर्थस्वरूप वहिनी यांस,

पत्र पावले. चिंध्यांविषयी कोणाजवळ बोलू नये. देव आपणांस त्यापासून वाचवो.

आपली,
पंचफुला

---

शेलूबाजार, ता. ५ फेब्रुवारी १९३५

पंचफुला,

हे पत्र डाकेने पाठवत नाही. सोनीबाई बांगड्या घेऊन धनजला येते आहे, ती तुझ्या हातात देईल. ते जावईबुवांकडून, गुलाबरावांकडून, वाचून घेऊ नकोस. तुमच्या शाळेच्या मास्तरांच्या बायकोकडे जा, तिला वाचता येतं. नाहीतर चुलीत घाल. तू कोणत्या बाजूची आहेस हे मला माहीत नाही.

कडं निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तुला ते रडकं पत्र डाकेत टाकून मी घरी आले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. सकाळचं ऊन दारातून तिरपं आत पडलं होतं. त्या उन्हात जमिनीवरच्या हाताच्या कमानी स्पष्ट दिसत होत्या.

तुला ठाऊक आहे आपण कसं सारवतो. आतल्या भिंतीपासून सुरुवात करायची, भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि दाराकडे मागे मागे सरकत यायचं. शेवटची कमान उंबऱ्याशी. नाहीतर आपणच आत अडकू. मी सात वर्षांची होते तेव्हापासून रोज हेच करते. आपल्या कमानींची तोंडं दाराकडे उघडी राहतात.

त्या जमिनीवरच्या सगळ्या कमानी उलट्या होत्या. तोंडं आतल्या भिंतीकडे. सारवणाऱ्याने दारातून सुरुवात केली होती आणि आत आत जात चुलीच्या कोपऱ्यात संपवलं होतं. कोपऱ्यापासून दारापर्यंत पाच ठिकाणी जमीन दबली होती, वरून ओला हात फिरवून बुजवलेली. पाच पावलं. मोठी.

मग मला हसू आलं. माझं डोकं फिरलं असेल, झोपेत चालत असेन, सगळं मान्य. पण माझा हात उलटा चालणार नाही. माझ्या आईचाही चालत नव्हता. वेडी झाल्यावरही ती दाराकडे मागे सरकतच सारवायची. मी पाहिलं आहे. हे काम अशा माणसाचं होतं ज्याने जन्मात कधी सारवलं नाही.

म्हणून मी त्या जमिनीवर पाय ठेवला नाही. दाराला कुलूप घातलं आणि चूल ओट्यावर आणली. भिऊन नाही.

मग मी तुझी पत्रं काढली. भांड्यांची गोष्ट लिहिली, तीन आठवड्यांत भांडी पालथी. कड्याची लिहिली, कुठे ठेवलं तेही लिहिलं, महिन्यात कडं जमिनीत. जे मी फक्त धनजला सांगितलं, तेच शेलूत घडत होतं. तो दिवस वाईट गेला. वेडी होण्यापेक्षा वाईट. एका बाजूला मी शहाणी ठरत होते आणि दुसऱ्या बाजूला तुला गमावत होते.

तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा ठरवून खोटं लिहिलं. माझ्या आईने झाडांना कधी चिंध्या बांधल्या नाहीत. परसात झाडंच नव्हती. २० तारखेचं पत्र डाकेत टाकायच्या आधी मी पुंजाजी पाटलांकडे गेले. एका चिठ्ठीवर लिहिलं: 'आज मी एकाच ठिकाणी एक खोटी गोष्ट लिहून पाठवते आहे, की आई झाडांना लाल चिंध्या बांधायची. माझ्या झाडांना चिंध्या दिसल्या तर वेडी मी नव्हे.' पाटलांसमोर घडी घातली आणि त्यांच्याच लाखेने बंद केली. पाटील म्हणाले, "बाई, यात काय हाय?" मी म्हटलं, "तीन तारखेले डॉक्टरसायबापुढं फोडा. त्याच्या आधी नोका."

तीन तारखेला सकाळी मळ्यात गेले. चाळीसच्या चाळीस झाडांना चिंध्या. माणसाच्या उंचीवर. मी एकही सोडली नाही. एका झाडाखाली बसून वाट पाहिली.

भाऊजी डॉक्टरांना घेऊन आले, मागे अर्धं गाव. "पाहा सायब, आता अजून काय पाह्यजे?" डॉक्टरांनी मला वार विचारला, महिना विचारला, झाडं किती ते विचारलं. मी सांगितलं. आईचं विचारलं, तेही सांगितलं. मग म्हटलं, पाटील, चिठ्ठी फोडा.

पाटलांनी लाख डॉक्टरांना दाखवली, चिठ्ठी फोडली आणि मोठ्याने वाचली. दोनदा वाचली. मग त्यांनी एक चिंधी सोडवून बोटांत चोळून पाहिली आणि भाऊजींच्या डोक्याकडे पाहिलं. "काहून रे जगदेव, तुह्यं लाल पागोटं आज लहान दिसून राह्यलं? धुतल्यानं आटलं काय?"

लोक हसले. भाऊजी हसले नाहीत. ते म्हणाले, "चिंध्याचं राहू द्या, पन कडं तं तिनंच पुरलं. तिनंच सारवलं."

मी कुलूप काढलं. डॉक्टरांना उंबऱ्यावर उभं करून कमानी दाखवल्या, दबलेल्या जागा दाखवल्या. डॉक्टर म्हणाले, असं तर कोणीही सारवू शकेल. गर्दीतल्या बाया एकदम बोलल्या, "नाही सायब!" सगळ्या एका आवाजात. महिनाभर माझ्यापासून मागे सरकणाऱ्या त्याच बाया.

पाटील म्हणाले, "मंग पाहूच. जगदेव, ते धान्याची खोली हाय बाजूले. सारव."

"हे बायकायचं काम हाय."

"तुले येत नसंन तं तसं सांग."

"येत कसं नाही? त्यात काय हाय?"

माझ्या जावेने शेणाची पाटी आणून त्यांच्यापुढे ठेवली. भाऊजींनी धोतर खोचलं, लोकांकडे तोंड करून दारातच बसले आणि मागे मागे, आत आत सरकत सारवत गेले. बाया तोंडात पदर कोंबून उभ्या होत्या. तसेच सरकत ते आतल्या कोपऱ्यात पोचले, शेवटचा हात फिरवला, उठले आणि समोर पाहिलं. दार पलीकडे आणि मध्ये सगळी ओली जमीन.

त्यांनी एक पाय उचलला आणि तसाच थांबवला.

पाटील म्हणाले, "आता बस तिथंच. वायेपर्यंत."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी अर्जावर काहीतरी लिहिलं आणि मला वाचायला दिलं. मी वाचलं: 'बाईंचे मन पूर्णपणे ठिकाणावर आहे.' ते मला म्हणाले, आई आजारी म्हणून मुलगी आजारी असलीच पाहिजे असं नाही. आणि साखळीने कोणी बरं होत नाही.

भाऊजी कोपऱ्यात बसले होते तेवढ्या वेळात मी कागद तयार केला. या मळ्यात आणि या घरात पाय ठेवणार नाही, असा. मीच लिहिला, पाटलांनी वाचला, जमीन वाळल्यावर भाऊजींनी सही केली. मळ्यातली अर्धी संत्री गुलाबरावांना द्यायची ठरली होती, हेही त्यांनी तेव्हाच ओकून टाकलं.

तुझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी विचारलंही नाही. तुझ्याच तोंडून ऐकायचं आहे. मला आलेली ती पत्रं तूच सांगून लिहवून घेतलीस का?

कस्तुरा

---

धनज, ता. १४ फेब्रुवारी १९३५

वैनी,

हे पत्र मास्तरच्या बायकोनं लिहिलं हाय. मी तिले म्हटलं, मी बोलते तसंच लिव्ह, एक बी शब्द सुधरवू नोको.

वैनी, तुह्यं पयलं पत्र मले सोनीबाईनं देल्लं ते. त्याच्या आधी एक बी नाही. दिवाळीपासून मी रोज विचारून राह्यली होती, वैनीची चिठ्ठी आली काय? तो म्हने, नाही आली, तुह्या वैनीले आता तुही गरज नाही, तिचं डोस्कं फिरलं हाय. मी रडो. मले वाटे, तू मले इसरली. मी त्याले चार डाव म्हटलं, मले शेलूले नेऊन सोड. तो म्हने, येडीजवळ जायचं नाही.

मास्तरच्या बायकोनं तुह्यं पत्र वाचलं आन् ती बी रडली. मंग मी घरी येऊन त्याची पेटी फोडली. कुऱ्हाडीनं. तुही चारी पत्रं निघाली, जगदेवदादाच्या चिठ्ठ्यायसंग. तो आला तवा मी ते सारी पत्रं मांडीवर घेऊन ओसरीवर बसली होती. मी त्याले इतकंच म्हटलं, माह्या तोंडानं बोलाचा हक्क तुले कोनं देल्ला?

आता तो बाहेर ओसरीवर जेवते, मी आत.

वैनी, मी तुले कधी 'आपण' म्हनन काय वं? तुले तवाच समजाले पाह्यजे होतं.

मी होळीच्या आधी तुह्याकडं येते. मले अक्षरं शिकव. गुळाच्या कागदावरूनच शिकव. या डाव मी कागद ओढनार नाही.

तुही पंचफुला

---

शेलूबाजार, ता. ७ मार्च १९३५

पंचफुला,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं आणि कड्याजवळ ठेवलं. चूक झाली माझी. 'आपण' वाचून मी हसले, तेव्हाच जाऊन तुला पाहायला हवं होतं. मी अक्षरांवर फार विश्वास ठेवला. अक्षरं कोणाच्याही हाताने लिहिता येतात, हे पुड्यांच्या कागदांनी मला शिकवलं नव्हतं.

तू येशील तेव्हा घरात दोघी असू. आता तिसरीबद्दल सांगते.

मागच्या आठवड्यात मी गाडी जुंपून जऊळक्याला गेले. सोमवारी सकाळी निघाले, दिवस मावळायच्या आत पोचले. चंपत म्हणाला, "ताई, नेऊ नोको तिले. लोक काय म्हनतीन?" मी म्हटलं, "माह्याबद्दल लोकायचं समदं म्हनून झालं, चंपत. आता काई उरलं नाही." तो वाईट नाही. बाबांनी त्याच्या हातात साखळी दिली आणि त्याने धरली, एवढंच. कुलूप गंजलं होतं, किल्लीने उघडेना. शेवटी त्यानेच घण आणून ते फोडलं आणि तिथेच खाली बसून रडला.

आई खूप लहान झाली आहे. गाडीत ती माझ्या मांडीवर मावली. मी कोण, हे तिला कळलं नाही. वाटेत दोनदा मला "बाई" म्हणाली.

इथे आल्यावर पहिल्याच दिवशी तिने माझी सगळी भांडी पालथी घातली. जाऊ धावत सांगायला आली. मी म्हटलं, असू दे, धूळ बसत नाही. मीठ तेवढं मी आता शिंक्यावर ठेवते.

काल मी स्वयंपाकघर सारवायला काढलं. भाऊजींच्या उलट्या कमानी मी इतके दिवस ठेवल्या होत्या. आता त्यांचं काम संपलं होतं. शेण कालवून पाटी आत नेली आणि पाणी आणायला बाहेर गेले. परत आले तर आई चुलीच्या कोपऱ्यात बसली होती. भिंतीकडे तोंड करून. हात चालू होता. मी दारातच उभी राहिले. ती एकेक कमान काढत, त्या उलट्या कमानी बुजवत, मागे मागे सरकत आली. मध्ये थांबली नाही, चुकली नाही. पायांना साखळीचे वळ आहेत, ते तिला दुखत असणार, पण हात तसाच होता, जऊळक्याच्या ओट्यावरून मी पाहायची तसाच. उंबऱ्याशी येऊन तिने शेवटची कमान काढली, हात झटकला आणि वर माझ्याकडे पाहिलं.

"कस्तुरा, पाय देऊ नोको," ती म्हणाली. "वलं हाय."

मी पाय दिला नाही. दोघी उंबऱ्याबाहेर बसून राहिलो, जमीन वाळेपर्यंत. तुझ्या दादाची फार आठवण आली. त्याला हे पाहायला मिळायला हवं होतं. संध्याकाळपर्यंत आई पुन्हा मला "बाई" म्हणायला लागली होती. चालेल.

आज बाजार होता. मी संत्र्यांची पहिली पाटी डोक्यावर घेतली, आईचा हात धरला आणि जाऊन माझ्या नेहमीच्या जागेवर बसले.

तुझी वैनी,
कस्तुरा